दाढीचा आरसा आणि वजाचं चिन्ह

ह्यांचा दाढीचा गोल आरसा गेल्या रविवारी दिवसभर आमच्याकडेच होता. मुलीला नववीचं ‘प्रकाशाचे परावर्तन’ कळत नव्हतं आणि मी कॉमर्सवाली. तिला शिकवण्याआधी मलाच शिकायचं होतं.

आरसा अंतर्गोल, म्हणजे आत खोलगट. आधी त्याचं नाभीय अंतर काढलं, म्हणजे लांबून आलेला प्रकाश ज्या बिंदूत (नाभीत) एकवटतो तो आरशापासून किती दूर ते. लालबागच्या आमच्या खोलीसमोर टॉवर चढतोय. दिवे घालवले, आरसा खिडकीकडे तोंड करून धरला आणि लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू त्याच्यासमोर मागेपुढे सरकवली. एका जागी अख्खी क्रेन कागदावर उतरली, बोटभर, पिवळीधमक आणि उलटी! पट्टी लावली, जवळपास 40 सेमी.

मग तिचं गणित. वस्तू 60 सेमीवर, प्रतिमा कुठे? तिने वस्तूचं अंतर उणे घेतलं, नाभीय अंतर अधिक. उत्तर आलं 24 सेमी, आरशाच्या मागे. मीही तपासलं, बेरीज बरोबर होती. म्हटलं, करूनच बघू. मेणबत्ती पेटवली. (“लाईट आहेत की, मेणबत्ती कशाला?” इति सासूबाई.) 60 सेमीवर ठेवली, आरसा किंचित तिरका केला आणि पत्रिका लांब नेत गेलो. दाराशी, 120 सेमीवर, दुप्पट मोठी ज्योत खाली तोंड करून थरथरत होती. आरशाच्या पुढे, कागदावर!

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. अंतरं आरशाच्या ध्रुवापासून, म्हणजे मधल्या बिंदूपासून मोजायची, वस्तूच्या बाजूची सगळी उणे, आणि अंतर्गोल आरशाची नाभीही वस्तूच्याच बाजूला, म्हणजे तीही उणे. 40 ला उणे लावलं की उत्तर उणे 120, विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट) उणे 2. ते वजा म्हणजे उलटी प्रतिमा. चिन्हांचे नियम नुसते पाठ करायला लावणाऱ्यांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

नंतर तिने चेहरा 20 सेमीवर नेला. नाकावरची पुटकुळी दुप्पट, पण सुलटी. गणितातही अधिक 2. ही प्रतिमा मात्र कागदावर काही केल्या पडेना. आभासी ती हीच. 40 ते 80 सेमीच्या मधे मात्र चेहऱ्याची उलटी प्रतिमा आपल्याच पाठीमागे पडते, म्हणून आपल्याला उलटी दिसत नाही.

सोमवारी ह्यांनी आरशावरचं मेण नखाने खरवडत माझ्याकडे पाहिलं. मुलगी आतून ओरडली, “बाबा, 80 सेमीच्या मागे जाऊ नका, उलटे दिसाल!” तोंडाला फेस तसाच ठेवून हे तीन पावलं मागे गेले.