बांधून तयार झालेलं इंजिन गंज न लागता ठेवताना

नव्याने बांधलेलं इंजिन लगेच गाडीत बसणार नसेल, तर ते चाललेल्या इंजिनापेक्षा जास्त जपावं लागतं. होन केलेल्या (बारीक दगडाने घासलेल्या) सिलिंडरच्या भिंती म्हणजे उघडं लोखंड. त्यावर ना कार्बन, ना वार्निश. दमट हवेत अशा भिंतीवर एका रात्रीतही तांबूस झाक येऊ शकते. मी ठेवलं ते चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अल्युमिनियमचं हेड, पुशरॉड (कॅमकडून ढकलले जाणारे दांडे) आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) यांची रचना, बांधल्यावर एकदाही सुरू न केलेलं. मुदत वर्षाच्या वरची.

तेल चोपडून प्लॅस्टिक गुंडाळणं का पुरत नाही, ते आधी सांगतो. दिवसरात्रीत तापमान १५ अंशांनी बदललं की आतल्या हवेचं आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी बदलतं. इंजिनाच्या पोटात दहा लिटर मोकळी जागा धरली, तर रोज अर्धा लिटर हवा बाहेर जाते आणि तेवढीच नवी, ओलसर हवा आत येते. त्यात चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक कुठेही थांबवला तरी एखादा व्हॉल्व्ह उघडा असतोच. त्या सिलिंडरच्या रिंगा भिंतीला धरतात, आणि पुढे फिरवताना गंजाचे खड्डे रिंगांना खातात. म्हणून तेलाचा थर ही निम्मीच तजवीज. उरलेलं काम हवा कोंडण्याचं आहे.

सुरुवात तेल चढवण्यापासून केली. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) नवं तेल भरलं आणि त्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात गंजरोधक व्हीसीआय द्रव मिसळला. यातली वाफ तेल न पोचलेल्या जागीही धातूवर बसते. डिस्ट्रिब्युटर काढून तिथून ड्रिलने ऑइल पंप फिरवला. ड्रिलची दिशा डिस्ट्रिब्युटरचीच हवी. उलट फिरवलं तर पंप तेल उचलत नाही. प्रेशर स्विचच्या जागी साधा गेज लावला. दाब दिसू लागल्यावर क्रँक पाव-पाव फेरा पुढे नेत गेलो, कारण काही इंजिनांत हेडकडे जाणारं तेल कॅमशाफ्टच्या ठरावीक स्थितीतच सुटतं. सगळ्या रॉकरवर तेल आलं की थांबायचं. उगाच फिरवत राहिलं तर कॅमच्या उंचवट्यांवर बांधताना लावलेली मॉलिब्डेनम पेस्ट पुसली जाते.

मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ ते २० मिली फॉगिंग ऑइल (साठवणीसाठीचं गंजरोधक तेल) फवारलं. पुलीच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे दिले आणि पुन्हा दोन-दोन सेकंद फवारा मारला. त्यानंतर क्रँकला हात नाही. दर महिन्याला हाताने फिरवावं असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. रिंगा भिंतीवरचं तेल खरवडून नेतात आणि हाताच्या गतीने ते परत चढत नाही. एकदा सुरू झालेलं इंजिन महिन्यातून दहा मिनिटं चालवणं त्याहून वाईट. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. तेल पुरेसं तापलं नाही तर त्यातलं काही पाणी चेंबरमध्येच राहतं.

व्हॉल्व्ह बंद करायला रॉकर शाफ्ट काढणं सोपं, पण आधी बोल्ट बघा. काही इंजिनांत शाफ्टचे स्टँड हेडच्याच बोल्टांनी आवळलेले असतात. तिथे शाफ्ट काढला की हेड गॅसकेटवरचा दाब जातो. अशा ठिकाणी फक्त उघड्या व्हॉल्व्हचे ॲडजस्टर सैल करून त्यांचे पुशरॉड बाजूला घ्यावेत. काढलेले पुशरॉड क्रमांक टाकूनच ठेवायचे. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात ही सोय सहसा नसते; तिथे पोर्ट बंद करण्यावरच सगळा भर.

पोर्टांवर रबर शीट आणि ३ मिमी अल्युमिनियमच्या पट्ट्या बोल्टने आवळल्या. चिंध्या कोंबू नयेत, त्या ओल धरतात. प्लायवूडही नको; त्यातून आम्लाची वाफ सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट बंद जागेत तेच करतो. ब्रीदर, डिपस्टिकची नळी, थर्मोस्टॅटचं आणि पाण्याच्या पंपाचं तोंड प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद केलं. ब्लॉकमध्ये पाणी कधी भरलंच नव्हतं, म्हणून पाण्याचे मार्ग कोरडेच ठेवले. एकदा पाणी गेलेलं असेल तर ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून दाबाच्या हवेने शेवटचा थेंब काढायचा. स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) भरलेले पारदर्शक प्लग बसवले. विमानाच्या पिस्टन इंजिनांसाठी हीच पद्धत आहे.

क्लच प्लेट लावून ठेवू नये, ती फ्लायव्हीलला चिकटते. फ्लायव्हीलचं तोंड, क्रँकचा फ्लँज, सगळ्या घासलेल्या पृष्ठभागांवर मेणासारखा सुकणारा गंजरोधक फवारला. हे सगळं नायट्राइल हातमोजे घालून. घामातलं मीठ पुरेसं असतं. नंतर गंज नेमका बोटांच्या ठशांच्या आकारात उमटतो.

इंजिन जमिनीपासून १५ सेंमी वर, सुक्या लाकडी चौकटीवर, माउंटिंगच्या जागी टेकवलं. चेंबरवर वजन नको. स्टँडवर मागच्या चार बोल्टांवर वर्षभर लटकत ठेवणं मला तरी आवडत नाही. वरून जाड व्हीसीआय पिशवी, तोंड उष्णतेने सील. लोखंडाबरोबर पितळ आणि अल्युमिनियमही असतं, तेव्हा बहुधातू प्रकारचीच पिशवी घ्यावी. या पिशवीत वेगळं सिलिका जेल घातलं नाही. ते पाण्याबरोबर व्हीसीआयची वाफही शोषू शकतं.

साधी पॉलिथिनची पिशवी वापरायची असेल तर मात्र जेल हवंच, आणि त्याचा हिशेब करता येतो. ३०० लिटरच्या पिशवीत ३० अंशांची पूर्ण दमट हवा असली तरी त्यात पाणी जेमतेम ९ ग्रॅम. अर्धा किलो जेल सुमारे १०० ग्रॅम पाणी घेतं. ते महिन्याभरात रंग बदलत असेल तर जेल बदलण्याआधी पिशवीतली गळती शोधा. आत आर्द्रतेचं कार्ड ठेवलं की बाहेरून कळतं. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत. बॅटरी चार्जिंग किंवा आम्लाची बाटली त्या खोलीत ठेवायची नाही.

बंद केलेल्या प्रत्येक छिद्राची यादी करून ती पिशवीवर चिकटवली. उघडताना यादी हातात धरूनच सगळं काढायचं. तेल आणि फिल्टर बदलायचा, मेणाचा थर सॉल्व्हंटने पुसायचा, ड्रिलने पुन्हा दाब आणायचा. टायमिंग बेल्ट असेल तर नवाच घालावा. पहिले दोन फेरे स्पार्क प्लग काढूनच, हाताने: पिस्टनवर तेल साचलेलं असतं, आणि ते दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सपाट टॅपेट असतील तर लिफ्टर उचलून कॅमवरची पेस्ट पाहावी, पुसट असल्यास पुन्हा लावावी. सुरू झाल्यावर आयडलवर न सोडता वीस मिनिटं, मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचं. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो फॉगिंग ऑइलचा.