नळाच्या दिवशी स्कोन

रविवार, एप्रिल

आज नळाचा दिवस होता. चार दिवसांनी पाणी, तेही पहाटे साडेचारला. पिंप, घागरी, बादल्या भरेपर्यंत पाच वाजले. एरवी नळ गेला की मी पुन्हा तासभर पाठ टेकते. आज टेकली नाही. फ्रीझरमध्ये रात्रीच लोण्याचा गोळा ठेवून दिला होता, आणि सोलापुरात एप्रिल महिन्यात लोण्याशी काही करायचं तर हीच वेळ. नऊ वाजले की ओट्याची फरशीसुद्धा हाताला कोमट लागते.

लेक वर्षभर स्कॉटलंडमध्ये एडिनबराला शिकून आली आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याला नोकरीवर रुजू होईल. आल्या दिवशी मी विचारलं, काय करू तुझ्यासाठी? मला वाटलं कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे असं काही सांगेल. ते तिनं सांगितलंच, पण पुढं म्हणाली, "आई, एका रविवारी सकाळी स्कोन कर. तिकडं खायचे तेव्हा सारखं वाटायचं, हे आपल्या घरी आजीच्या सायीबरोबर खायला पाहिजेत."

स्कोन म्हणजे मैदा, लोणी आणि ताक किंवा दूध घालून भट्टीत फुगवलेले छोटे, जाड गोल पाव. गुरुवारी शाळेतून आल्यावर केले होते. संध्याकाळचे सहा, भिंती दिवसभराचं ऊन ओकत होत्या. लोणी पिठात घालेपर्यंत त्याचं तेल झालं. पीठ हाताला चिकटायला लागलं म्हणून मी आणखी मैदा घातला, आणि सवयीनं चांगलं मळलं. भट्टीतून निघाल्या त्या चपट्या, दाताखाली वळणाऱ्या चकत्या. घरात कुणी काही बोललं नाही, चहात बुडवून खाल्ल्या. मला मात्र ते लागून राहिलं. पोरगी एवढ्या लांबून काही मनात धरून आलेली, आणि तिच्या पुढ्यात हे ठेवलं.

रात्री बसून एकेक गोष्ट तपासली. आठवीच्या वर्गाला प्रयोग चुकला की आम्ही करतो तसं. आधी बेकिंग पावडर. चमचाभर घेऊन वर कढत पाणी ओतलं. फसफसून वर यायला हवं होतं, नुसते चार बुडबुडे आले. डबा दोन पावसाळे बघून झालेला. या पावडरीत सोडा आणि आम्ल दोन्ही कोरडे एकत्र असतात, सोबत दमट हवा शोषायला थोडा स्टार्च. डब्यात ओल शिरली की दोघांची गाठ तिथंच पडते, आणि भट्टीत जायच्या आधीच सगळा वायू निघून जातो. ही पावडर १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्या रसायनज्ञानं केली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, तिला पाव खाता यावा म्हणून. ही गोष्ट मला फार आवडते. घरातल्या एका माणसाला खाता येईना म्हणून कुणीतरी खटपट केली आणि सगळ्या जगाचा नाश्ता बदलला. वर्गात सोड्याचा धडा आला की मी ती सांगतेच.

दुसरी चूक लोण्याची. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे गुरुवारच्या स्वयंपाकघरात त्याला धड अर्धा मिनिटही थारा नव्हता. स्कोनमध्ये लोण्याचे बारीक तुकडे पिठात तसेच घट्ट राहावे लागतात. भट्टीची धग लागली की ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ पिठाचे पदर उचलून धरते. तेल होऊन आधीच पिठात मुरलं की उचलायला काही उरत नाही. तिसरी चूक मळण्याची: मैदा मळला की त्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवट करणारं प्रथिन, ताणलं जातं, पोळीला ते हवं असतं, इथं नको. चौथी अगदी बारीक. मी वाटीनं गोल कापताना वाटी फिरवली होती. फिरवली की कड दाबली जाऊन चिकटते, मग वर चढायला वाटच राहत नाही.

तर आज नवा डबा, गोठवलेलं लोणी आणि पहाट.

परातीत ३०० ग्रॅम मैदा चाळून घेत होते. त्यात दोन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, ४० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. सोडा एवढ्याचसाठी की दुधाऐवजी आईंच्या विरजणाचं ताक घालायचं होतं, आणि ताकाच्या आंबटपणाला जोडीदार लागतो. एवढ्यात मागं पावलं वाजली. आई.

"एवढ्या अंधारात काय करायलीस गं?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गेल्या मार्गशीर्षात न्हाणीत पाय घसरून उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, जोर मात्र परत आला नाही.

मनगट मोडण्याचा आमच्या घरात काय अर्थ होतो हे लिहायला हवं. सासरे गिरणीत पहिल्या पाळीला होते. भोंगा व्हायच्या आत आईंच्या दहा-बारा भाकरी होऊन फडक्यात बांधलेल्या असायच्या, आणि हे पंचवीसेक वर्षं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, घरी निवडून, जात्यावरून आणि नंतर चक्कीवरून आणलेलं पीठ. ज्वारीत ग्लुटेन नसतं, ती आपली आपण धरून राहत नाही. म्हणून तिला कढत पाणी घालावं लागतं, आणि मग तळहाताच्या टाचेनं रगड रगड रगडावं लागतं. तो सगळा जोर मनगटाचा. आईंची भाकरी काठाला कागदाएवढी पातळ आणि मधे टम्म. माझी आजही तशी होत नाही.

मनगट गेल्यापासून पोळ्याभाकरीला बाई येते. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि वळतात. सोप्यात बसून शेंगा सोलतात, तांदूळ निवडतात, निवडलेलेच पुन्हा निवडतात. चार महिने मी हे बघते आहे, आणि काय करावं ते मला सुचत नव्हतं.

"लोणी चोळायचंय पिठात, आई. ऊन चढायच्या आत."

"पाणी ठेवलंस का तापत?"

"पाणी नाही लागत. सगळं गारच लागतं. ताकसुद्धा फ्रिजमधलं."

त्यांना ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. मग मी म्हटलं, "आणि मळायचंही नाही. जोर लावला की बिघडतं."

"जोरच लावायचा नाही?"

"अजिबात नाही. नुसतं बोटांनी."

आईंनी उजवा हात पुढं घेऊन पालथा-उलथा करून बघितला. दिव्याखाली मनगटाजवळचा तो जरासा वाकलेला भाग दिसत होता. म्हणाल्या, "मग मला जमंल की."

मी परात त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी डाव्या हातानं ती धरायला बघितली, स्टीलची परात ओट्यावर घसरली. "ही नको. पळती ही. काठवट काढ."

काठवट माळ्यावर होती. प्लास्टर घातलं त्या आठवड्यात मीच वर ठेवली होती, समोर दिसायला नको म्हणून. खाली काढली, ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली. जड लाकूड, ओट्यावर बसलं ते हललं नाही. पीठ त्यात ओतलं, वर ७५ ग्रॅम लोणी किसणीवर किसलं. गोठलेलं लोणी किसलं की खोबऱ्याच्या किसासारखं पडतं.

आणि मग जे बघितलं ते मला जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे. आईंनी दोन्ही हातांच्या बोटांची नुसती टोकं पिठात घातली. चिमूट उचलायची, अंगठा पुढच्या दोन बोटांवरून फिरवायचा, पीठ वरून खाली सोडायचं. पुन्हा उचलायचं. रांगोळी सोडतात तसं. माझ्या हातात मिनिटाभरात लोणी ओलसर व्हायला लागतं. त्यांच्या बोटांत झालंच नाही. आईंची बोटं गार असतात, रक्त पोचत नाही म्हणतात, थंडीत आम्ही त्यांना हातमोजे घालायला लावतो. या कामाला नेमकी तीच बोटं हवी होती. पाच-सात मिनिटांत सगळं रवाळ झालं, मधे मधे हरभऱ्याच्या डाळीएवढे लोण्याचे कण. मी म्हटलं बास, तर म्हणाल्या, "दिसतंय मला."

मूठभर बेदाणे टाकले, आपल्या जिल्ह्यातलेच. १८० मिलिलिटर घट्ट ताक एकदम ओतलं आणि सुरीच्या पाठीनं गोळा केलं. इथं हात थांबवायला शिकावं लागतं. गोळा खडबडीत दिसतो, भेगा दिसतात, कुठल्याही बाईचा हात शिवशिवतो की अजून चार हात मारावेत. आईंचाही शिवशिवला. मी हातावर हात ठेवला.

थापायचं काम त्यांचंच. इंचभर जाड. भाकरीची सवय, त्यामुळे थापता थापता गोळा आपोआप फिरत होता, पण थाप एवढी हलकी की आवाज येत नव्हता. मी पिठात बुडवलेला पेला सरळ दाबून सरळ उचलला. फिरवला नाही. आठ झाले. उरलेल्या कडा गोळा करून बाजूला ठेवल्या.

ओटीजी, म्हणजे आमची विजेची छोटी भट्टी, वीस मिनिटं आधी २२० अंशांवर लावून ठेवला होता. आई काचेसमोर खुर्ची घेऊन बसल्या. पाचव्या मिनिटाला स्कोन हलल्यासारखे वाटले. आठव्याला दुप्पट उंच, आणि प्रत्येकाच्या कमरेला आडवी भेग. ती भेग म्हणजे सगळं नीट झाल्याची खूण. खाताना तिथूनच हातानं दोन भाग करायचे, सुरी लावायची नाही. तेरा मिनिटांनी काढले. वरून तांबूस, कडा फिकट. घरभर भाजक्या लोण्याचा वास पसरला, आणि त्या वासानं लेक उठून आली.

दुसऱ्या खेपेचं पीठ आईंनी माझी वाट न बघता कालवायला घेतलं होतं. या वेळी साखर नावाला, बेदाणे नाहीत. ते थापून होतंय तोच साडेसहाला लाईट गेली. भट्टी बंद. ताक घातल्यावर थांबून चालत नाही, सोडा कामाला लागलेला असतो.

लेक म्हणाली, "तव्यावर टाक ना आजी. तिकडं नाश्त्याला बटाट्याचे स्कोन तव्यावरच भाजतात."

तिनं सांगितलं ते असं, की स्कोन मूळचा स्कॉटलंडचाच, आणि आधी त्याला भट्टी नव्हतीच. सपाट लोखंडी तवा चुलीवर ठेवायचा, त्याला तिकडं गर्डल म्हणतात. ओट किंवा सातूच्या पिठाची जाडसर गोल भाकर त्यावर टाकायची आणि चार तुकडे करायचे. फुगलेले, उंच, भट्टीतले स्कोन नंतर आले, बेकिंग पावडर घरोघर पोचल्यावर. नावाच्या उच्चारावरूनही इंग्रजांत एकमत नाही. कुणी स्कोन म्हणतं, कुणी स्कॉन.

आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दामटीच की ही."

बिडाचा तवा गॅसवर चढला. गोळा आईंनी अर्ध्या इंचावर आणला, उलथन्याच्या धारेनं चार पाव केले आणि स्वतः तव्यात सोडले. आच मंद. मला उलटायची घाई, तर त्यांनी कडेला बोट लावून बघितलं आणि थांबवलं. खालून बदामी डाग पडेपर्यंत सहा-सात मिनिटं, मग उलटून तेवढीच, शेवटी कडा उभ्या करून तव्याला टेकवल्या. हे मी कुठल्याच कृतीत वाचलं नव्हतं. भाकरीची कड कच्ची राहू नये म्हणून त्या करतात तेच.

सात वाजता सगळे सोप्यात बसलो, पंख्याशिवाय, दार उघडं टाकून. चहा, स्कोन, आणि रात्रीच्या म्हशीच्या दुधाची साय. इंग्लंडात यासोबत क्लॉटेड क्रीम लागतं. पसरट भांड्यात मलईचं दूध मंद तापवून तसंच ठेवतात आणि वर धरलेला जाड थर काढतात. म्हणजे साय, अजून दाट. तिथं डेव्हनमध्ये आधी क्रीम लावून वर जॅम घालतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. यावरून दोन्हीकडचे लोक हट्टाला पेटतात म्हणे. आमच्याकडं जॅमऐवजी आईंचा गेल्या वर्षीचा गुळांबा, बरणीच्या तळाशी उरलेला. मी आधी साय लावली, गरम स्कोनवर ती पाघळली. लेकीनं आधी गुळांबा लावला, वर सायीचा गोळा ठेवला, तो तसाच राहिला. मला कॉर्नवॉलचं पटलं. गुळांब्याचा आंबटपणा आणि वेलदोडा आधी, मग साय. स्ट्रॉबेरीपेक्षा हे चांगलं लागतं असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

यांनी तव्यावरचे घेतले. मधून फोडून लोणी आणि शेंगाचटणी भरून. उखळात कुटलेल्या चटणीचं तेल त्या पदरांत उतरलं होतं. तीन खाल्ले.

लेकीनं पहिला घास घेतला तेव्हा आई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तसं मी त्यांना सासऱ्यांच्या ताटाकडं बघताना बघितलं आहे. लेक काही म्हणाली नाही, आजीचा उजवा हात ओढून गालाला लावला. हाताला मैदा होता, तो गालाला लागला.

आठ भट्टीतले, चार तव्यावरचे. एकही उरला नाही. कडांचा गोळा मी संध्याकाळसाठी ठेवला होता, तोही दुपारी आईंनीच तव्यावर टाकून संपवला. मला हाक मारली नाही.

वर आलेले बेदाणे जरा करपले, पुढच्या वेळी ते आत दाबून घालायचे. आणि ज्वारीचं पीठ चौथाई घालून बघायचं, असं आईंचं म्हणणं. मैद्याला चव नाही म्हणतात. धरून राहील का, मला शंका आहे. बुधवारी शाळेला सुट्टी आहे, तेव्हा बघू.

काठवट धुऊन मी गच्चीत वाळायला नेत होते, तर जिन्यात खालून आवाज आला. "उन्हात नको ठेवूस, तडकंल. आणि वर माळ्यावर टाकू नको आता."

ओट्याच्या कडेला भिंतीशी उभी केली आहे.