जुन्या फर्निचरची बदली

जुनं फर्निचर नवीन फ्लॅटमध्ये वापरायचं म्हटलं की हल्ली सगळ्यांना एकच सुचतं, शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड घ्यायचा आणि वर काच टाकायची. नाहीतर वॉशबेसिन. वाईट दिसत नाही, पण प्रत्येक कॅफेत तेच बघून आता कंटाळा आलाय. मला विचाराल तर जुन्या वस्तूची बदली करायचीच असेल तर जवळपासच्या खात्यात करावी, एकदम खातंच बदललं की ती बिचारी नुसती शोभेला उभी राहते.

आता ते टीव्हीचं शटरवालं कॅबिनेट घ्या. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि मग हळूहळू लोकांच्या हॉलमध्ये ही कॅबिनेटं आली, सरकती शटरं आणि वर कुलूप, कारण घरात परीक्षा! पिक्चर ट्यूबमुळे टीव्हीला ढेरी असायची म्हणून कॅबिनेटही चांगलं खोल. पुढे टीव्ही भिंतीला चिकटला आणि हे बेकार झालं. आमच्याकडे त्यात आता प्रिंटर आणि राउटर राहतात. अँटेनाची वायर जायला मागे भोक होतंच, टीव्ही तापायचा म्हणून पाठीला हवेच्या खाचाही होत्या, मिस्त्रीला बोलवायचं कामच पडलं नाही. आणि संध्याकाळी पोरांना मोबाईल आत टाकायला लावून कुलूप लावता येतं, म्हणजे कुलपाचं कामसुद्धा तेच राहिलं.

दुसरं म्हणजे दुकानात मुनीम मांडी घालून ज्याच्यावर खतावण्या लिहायचे ते उतरतं डेस्क. आत पैसे-कागद ठेवायला पेटी, वर लिहायला उतार. त्यावर लॅपटॉप ठेवून बघा, उताराच्या खालच्या कडेला एक पट्टी मारली की घसरत नाही, आणि जमिनीवर बसून काम करायची सवय असेल तर फारच बेस्ट. तेव्हा जमाखर्च, आता एक्सेल, फरक काय?

पण सगळंच असं जमत नाही, त्याचं कारण लाकडात नाही, आपल्या गुडघ्यांत आहे. पाट, चौरंग, हे डेस्क, सगळं जमिनीवर बसणाऱ्यांच्या मापाचं. आपण चढलो १८ इंचांच्या खुर्चीवर आणि ३० इंचांच्या टेबलावर, त्यामुळे चौरंगाचं एक तर सेंटर टेबल होतं किंवा दारातलं शू रॅक. चपलांखाली चौरंग बघितला की माझ्या पोटात गोळा येतो, ज्यावर सत्यनारायण मांडला त्याच्यावर क्रॉक्स!

लाकडाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. सागात मूळचंच तेल असतं म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि पन्नास-साठ पावसाळे काढलेल्या फळीला जे काय वाकायचं फुगायचं असतं ते तिने कधीच उरकून घेतलेलं असतं. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या, तुकड्यावर पाणी सांडून बघा म्हणजे कळेल. फक्त कपाटाची पाठ तपासा, समोर साग आणि मागे कसलंतरी हलकं लाकूड हा प्रकार तेव्हाही चालायचा आणि भुसा पडतो तो तिथूनच. आमचे मिस्त्री तर रंधा मारला की ढलपी उचलून नाकाशीच धरतात, "ताई, वास घ्या, हा माल आता मिळत नाही."

पॉलिशचंही तसंच. जुनं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. चमक मस्त, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटतो आणि सॅनिटायझर सांडलं तर पॉलिशच सुटून येतं, कारण तेही शेवटी स्पिरिटच. म्हणून जेवायच्या टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, आणि नुसतं बघायचं असेल त्याला लाख, असा माझा हिशोब. वरून ऑइलपेंट फासून 'व्हिंटेज' करणाऱ्यांना काय बोलायचं ते मी बोलत नाही.

गंमत अशी की आपल्या आजीचं कपाट आपण भंगारवाल्याला किलोवर देतो आणि दुसऱ्याच्या आजीचं मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला घासाघीस करून घेतो, मग टेम्पोचं भाडं, मग पॉलिशवाला, एवढ्यात नवीन आलं असतं असं घरचे म्हणतात आणि ते खोटंही नसतं.

माझा डोळा सध्या गावच्या काकांकडच्या दोन दारी कपाटावर आहे. त्यात हँगर अडकवायचा विचारच करू नये, ते तेवढं खोलच नाहीये, पण पुस्तकांना एकदम करेक्ट. काका द्यायला तयार आहेत, काकूंचीही हरकत नाही. फक्त त्या म्हणाल्या, "ने गं, पण आधी तुझ्या लिफ्टचं माप घेऊन ये, नाहीतर सातव्या मजल्यावर चढवायला पुन्हा ह्यांनाच बोलावशील."