सुझदालच्या घरातले दोन कोपरे

चौदाव्या शतकातल्या रशियावर बेतलेल्या आणि रशियनांनी मंगोल फौजेला हरवलेल्या १३८० च्या कुलिकोवोच्या लढाईपर्यंत जाऊन पोचणाऱ्या एका अद्भुतरम्य कादंबरीमालेने मला सुझदाल या रशियातल्या जुन्या गावी नेले. तिच्या नायिकेला दोमोवोय, म्हणजे लोकसमजुतीतला घर राखणारा आत्मा, दिसतो, ती त्याला पाव ठेवते. गावात आलेला धर्मगुरू मात्र त्याला सैतान ठरवतो. मॉस्कोत जे पाहिले, ते सगळेच पाहतात, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

सुझदालला रेल्वे जात नाही. व्लादिमीरला उतरून बस धरावी लागते. शनिवार असल्याने मुख्य चर्चच्या सोनेरी ताऱ्यांच्या निळ्या घुमटांखाली उभे राहायलाही जागा नव्हती, आणि आमच्या गटाच्या मार्गदर्शकाने कामेंका नदीपलीकडच्या लाकडी वास्तूंच्या संग्रहालयासाठी जेमतेम अर्धा तास दिला, याचा मला अजूनही राग आहे. कोझल्यात्येवो गावातून उचलून आणलेले १७५६ चे लाकडी चर्च सगळे बाहेरून टिपत होते. मी गट सोडून शेजारच्या शेतकऱ्याच्या घरात शिरले.

आत अर्धी खोली चुलीनेच व्यापली होती. चूल म्हणजे पांढऱ्या चुन्याने सारवलेला भला थोरला ओटा. पोटात भट्टी, आणि वर म्हाताऱ्यांनी व मुलांनी थंडीत झोपायची जागा. तिच्या बरोबर तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, नक्षीदार कापडाखाली, येशूच्या आणि संतांच्या प्रतिमा होत्या. देखरेखीला बसलेल्या आजींनी लांब दांड्याच्या दुबेळक्याने बिडाचे भांडे भट्टीत सरकवून दाखवले. मी दोमोवोयचे नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला. नव्या घरी जाताना जुन्या चुलीतले निखारे मडक्यात घेऊन जायचे आणि 'आजोबा, आमच्याबरोबर चला' असे म्हणून त्यालाही बोलवायचे, हे त्यांनी हातवारे करून, माझ्या फोनवरच्या भाषांतराची वाट न पाहता सांगितले. बाहेरून हाका येत असतानाही त्यांनी मला बाकावर बसवून घेतले. या प्रवासातले एवढे अगत्य मला कुठल्याही हॉटेलात मिळाले नाही.

ते घर कादंबरीच्या काळाहून कितीतरी अलीकडचे आहे. त्या काळी बहुतेक घरांना धुराडेही नसे, धूर दारातून आणि भिंतीतल्या झरोक्यांतून बाहेर जाई. पण कोपऱ्यांची ही रचना फार जुनी आहे. ९८८ मध्ये, तेव्हा या मुलखावर सत्ता असलेल्या कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी पुढे शतकानुशतके घरच्या बायका प्रतिमांपुढे दिवा लावत आणि चुलीमागच्या आजोबांनाही घास ठेवत. नायिका चर्च आणि दोमोवोय या दोघांनाही जागा मागते, हे वाचताना मला आजच्या लेखणीने घेतलेले स्वातंत्र्य वाटले होते. त्या खोलीत उभी राहिल्यावर कळले की तिची मागणी मुळीच नवी नव्हती, आणि दोमोवोयला घरातून हुसकावून लावायला निघालेला धर्मगुरूच तिथे उपरा होता.