बादलीत बुडवलेल्या रेग्युलेटरचं बटण दाबू नका

काल तारकर्लीला दोन डाईव्ह मारून आलो. घरी पोचल्यावर भूक कितीही लागलेली असो, माझं पहिलं काम म्हणजे रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, गोड्या पाण्यात घालणं, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते आत वाळलं की त्याचे खडे होतात, मग नुसतं पाणी ओतून काही निघत नाही.

पण घाई तिथेच नडते. पहिली डस्ट कॅप. फडक्याने कोरडी पुसायची, फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे टाकीला जोडायच्या भागाच्या, तोंडावर नीट बसवायची, मगच पाणी. मी एकदा विसरलो होतो. लगेच काहीच जाणवलं नाही, पुढे सर्व्हिसिंगला दिलं तेव्हा आतला फिल्टर हिरवा निघाला, पितळेच्या जुन्या भांड्यावर चढतो ना तसा. फार वाईट वाटलं, कारण टाकीतल्या २०० बार दाबाच्या हवेचा दाब आधी कमी करतो तो हा फर्स्ट स्टेजच.

दुसरं ते पर्ज बटण, तोंडात धरायच्या भागावरचं, दाबलं की हवा सोडणारं. किनाऱ्यावर कितीतरी जण बादलीत बुडवून ते दाबत बसतात, वाटतं चांगलं धुतलं जाईल. टाकी लावलेली नसताना होजमध्ये, म्हणजे नळीत, हवेचा दाबच नसतो, त्यामुळे बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजकडे. टाकी लावून हवा सुरू असेल तर खुशाल दाबा. बटणाच्या बाजूला श्वासाचा जोर कमीजास्त करायचा नॉब असेल तर बुडवायच्या आधी आत फिरवून घट्ट करा, वाळल्यावर परत सैल.

आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेव्हा मी नळाचं पाणी भरून ठेवतो, नाहीतर मिठाने मीठ धुतल्यासारखंच. अर्धा तास तरी भिजू देतो, मग माउथपीसमधून वाहतं पाणी सोडतो, ते बाहेर निघतं त्या भोकांतून वाळू पण जाते.

उन्हात मात्र अजिबात नाही, रबर कडक होतं. पडवीत सावलीला टांगायचं, होज मुडपू द्यायची नाही.

आता पाऊस जवळ आला, डाईव्हिंग बंद होईल, तेव्हा ओ-रिंग, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्या, बदलायला देतोय. माउथपीसला दाताच्या जागी बारीक चीर दिसली काल, ती पण सांगायचीय.