जानेवारीत आईबाबांना घेऊन कोची, आणि फक्त कोची

शेवटी ठरलं एकदाचं. जानेवारी, चार रात्री, चारही कोचीत. ज्याला सांगते तो म्हणतो अगं कोचीत चार दिवस काय करणार, एक रात्र बास, मग मुन्नार, मग थेक्कडी, मग अलेप्पीची हाउसबोट. पण मी दोन वर्षांपूर्वी हे पॅकेजवालं करून बघितलंय, सहा दिवसांत चार हॉटेलं, रोज सकाळी सातला बॅगा खाली, आणि चौथ्या दिवशी बाबांचा गुडघा इतका सुजला की ते बसमधून उतरलेच नाहीत, आम्ही सगळे किल्ला बघून आलो आणि ते एकटे सीटवर बसून होते. ते मला अजून टोचतं. म्हणून या वेळी एकच गाव, एकच खोली, ती पण तळमजल्यावरची, फोर्ट कोचीत.

जाताना नेत्रावती एक्सप्रेस. विमानाने दोन तासांत होतं माहितीये, पण आई मालवणची, तिला कोकण रेल्वेने जायचंय. ठाण्याला बसायचं शनिवारी, रविवारी दुपारच्या आसपास एर्नाकुलम, साधारण चोवीस तास धरून चालायचं. कुडाळच्या पट्ट्यात पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल तरी ती खिडकी सोडणार नाही. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे लोअर बर्थसाठी त्याच सकाळी बसायचं लॅपटॉप घेऊन. येताना मात्र विमान, कारण बाबांना दोन्हीकडून इतका प्रवास नको. फक्त एअरपोर्ट नेदुम्बाश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चांगलाच लांब, दीड-दोन तास हातात ठेवायचे.

वार मुद्दाम असे धरलेत. फोर्ट कोचीजवळच्या मट्टनचेरीचं ज्यू लोकांचं जुनं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, 1568 सालचं, शुक्रवार-शनिवार बंद असतं, आणि तिथून चालत पाच मिनिटांवरचा डच पॅलेस शुक्रवारी बंद. वीकेंड बघून गेलं की दार बघून परत यायची वेळ येते. पॅलेस खरं तर पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी नंतर दुरुस्त केला म्हणून ते नाव, आणि आत भिंतीभर रामायण रंगवलंय. बाबा तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवायचे, वास्को द गामा त्यांनी किती वर्गांना शिकवला असेल, आणि तो 1524 मध्ये इथेच कोचीत वारला, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला, पुढे 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा अजून दाखवतात. तिथे बाबांना घाई न करता उभं राहता आलं पाहिजे, बस्स, एवढ्यासाठी मी एक अख्खी सकाळ रिकामी ठेवलीये.

ख्रिसमस ते न्यू इयर टाळलंय, तेव्हा फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो, एकतीसला रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, मोठा पुतळा जाळतात, तरुण असाल तर नक्की जा, पण त्या गर्दीत गुडघेवाल्या माणसाला नेऊ नका. जानेवारीत पाऊस जवळजवळ नसतो, ऊन आणि घाम मात्र असतोच, म्हणून दुपारी एक ते चार खोलीत झोप. पलीकडे एर्नाकुलमला जायचं तर वॉटर मेट्रो, 2023 पासून सुरू झालीये, बॅटरीवर चालणारी एसी बोट, आणि धक्का तरंगता असल्यामुळे बोटीच्या लेव्हलला राहतो, उडी मारून चढायला लागत नाही. हे वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

पोहायचं असेल तर फोर्ट कोचीचा किनारा नाही, त्यासाठी वायपीन बेटावरचा चेराईचा किनारा. पण आम्हाला समुद्र बघायचाय. ती चिनी जाळी आहेत ना, मोठमोठ्या लाकडी सांगाड्याला टांगलेली, दुसऱ्या टोकाला दोरांना दगड बांधलेले, चारपाच जण मिळून दोर ओढून वर घेतात, ती आईला बघायचीत. तिने लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलीये, ती तिथे तासभर हलणार नाही.

आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं तिच्या एका प्रश्नासाठी चाललंय. मी सहज बोलून गेले की सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं कोचीत आली, मट्टनचेरीत त्यांचं तिरुमल देवस्थान आहे, घरात अजून कोंकणी बोलतात. आई भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "तेंची कोंकणी माका समजात मां गो?"

मला नाही माहीत. पाचशे वर्षं मल्याळममध्ये राहिलेली भाषा आहे. सोमवारी सकाळी आधी देवळातच जायचं ठरवलंय, बाबांसाठी मुंडू, म्हणजे केरळी लुंगी, घेतेय कारण केरळात बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढूनच आत सोडतात. आणि आईने कालच कोकम आगळाची एक बाटली नीट सीलबंद करून बाजूला ठेवली, तिथे कुणी बोलणारं भेटलंच तर द्यायला.