फळ्यांपाशी गेलेले सेकंद

या हंगामात मी अकरा सायक्लोक्रॉस शर्यतींत उतरलो, म्हणजे चिखल, गवत आणि अडथळे असलेल्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारायच्या आणि अडथळा आला की उतरून सायकल घेऊन धावायचे, अशा सायकल शर्यतींत. त्यांपैकी नऊ पूर्ण केल्या, एकीत मागचा डीरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) चिखल आणि गवताच्या गुंत्यात अडकून, तो ज्यावर बसवतात त्या हँगरसकट तुटला, आणि एकीत मी इतका मागे पडलो की पंचांनी मला मार्गाबाहेर काढले. आता अजिंक्यपदाच्या शर्यतीला तीन आठवडे उरले आहेत. एवढ्या अवधीत माझ्या फुप्फुसांत आणि पायांत फारसा फरक पडणार नाही, हे मी मान्य केले आहे. ते काम उन्हाळ्यात व्हायला हवे होते आणि जेवढे व्हायचे तेवढे झाले. म्हणून उरलेला वेळ मी सायकलवरून उतरणे, पुन्हा चढणे आणि टायरमधली हवा या तीन गोष्टींना द्यायचे ठरवले आहे.

या खेळात वयाचा हिशेब थोडा विचित्र आहे. हंगाम सप्टेंबरला सुरू होऊन फेब्रुवारीला संपतो आणि गट ठरतो तो हंगाम ज्या वर्षात संपतो त्या वर्षीच्या वयावरून. त्यामुळे वाढदिवसाला अनेक महिने बाकी असतानाही कागदावर मी सप्टेंबरपासूनच पंचेचाळीस वर्षांचा झालो आणि नव्या गटात सर्वांत तरुण ठरलो. याचा फायदा होईल असे वाटले होते, परंतु या गटातली मंडळी वीस-वीस वर्षे चिखलात घालवून आलेली आहेत आणि वळण कुठून घ्यायचे हे त्यांना पाहताक्षणी कळते.

हंगामातल्या माझ्या सर्वांत चांगल्या शर्यतीत मी नववा आलो. सहावा आलेला स्वार माझ्या 22 सेकंद पुढे होता. त्या रात्री मी हिशेब मांडला: सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकदा वाटेत आडव्या उभ्या केलेल्या दोन फळ्या आणि एकदा पायऱ्या, म्हणजे चौदा वेळा उतरणे आणि चौदा वेळा चढणे. प्रत्येक वेळी मी दोन सेकंद गमावत असेन, तर ते 28 सेकंद होतात, म्हणजे त्या तीन जागांपेक्षा जास्त. फळ्यांची उंची नियमाने 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसते आणि दोन फळ्यांमध्ये चार मीटरचे अंतर असते. स्वेन नीससारखे विश्वविजेते त्यांवरून सायकलसकट उडी मारून जात, त्यामुळे त्यांना उतरावेच लागत नसे. मी मारलेल्या अशा उडीचा शेवट पुढचे चाक फळीत रुतण्यात झाला होता. ती वाट माझ्यासाठी बंद आहे, हे माझ्या गुडघ्यावरचा व्रण मला रोज सांगतो.

उतरण्यात माझा दोष फारसा नव्हता. उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणणे, उजवा हात वरच्या नळीवर टेकवणे, बूट ज्यात अडकवलेला असतो त्या पेडलमधून डावा पाय शेवटच्या क्षणी सोडणे, हे सगळे मला जमते. खरा घोळ चढताना होत होता आणि तो माझ्या लक्षात आला नाही, माझ्या मुलीच्या आला. माझ्या शर्यतींना पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलण्याच्या जागी, दुसरी सायकल धरून तीच उभी असते. नोव्हेंबरच्या एका शर्यतीत तिने फोनवर माझे चित्रण केले आणि परतताना म्हणाली, "बाबा, बसायच्या आधी तू दर वेळी एक खोटी उडी मारतोस." मी ते मान्य केले नाही. मग तिने चित्रण हळू करून दाखवले. फळी ओलांडून दोन पावले धावल्यावर मी सीटकडे झेपावण्याऐवजी डाव्या पायावर जागच्या जागी एक छोटी उडी घेत होतो, जणू परवानगी मागत होतो, आणि मगच चढत होतो. तेवढ्यात मागचा स्वार माझ्या बरोबरीला येत होता.

ही खोटी उडी भीतीतून येते. सीटवर बसताना मांडीची आतली बाजू आधी टेकायला हवी आणि तिथून घसरत मध्यावर यायला हवे. शरीर मात्र वरून आदळण्याच्या कल्पनेने आधीच कचरते. सवय मोडण्यासाठी मी अगदी सुरुवातीपासून सुरुवात केली. गवतावर चालण्याच्या वेगाने सायकल ढकलायची आणि उजवी मांडी सीटवर टेकवून तसेच पुढे जायचे, पेडल मारायचेही नाही. पहिल्या आठवड्यात पन्नास वेळा, मग धावत, मग थकलेल्या अवस्थेत. शेवटची पायरी महत्त्वाची आहे, कारण ताज्या पायांनी मी कधीच चुकत नाही. पाचव्या फेरीत श्वास फुललेला असताना जुनी उडी हळूच परत येते. म्हणून आता बुधवारच्या इंटरव्हलमध्ये, म्हणजे चाळीस सेकंद पूर्ण जोर आणि वीस सेकंद विसावा अशा सत्रात, प्रत्येक जोराच्या शेवटी मी उतरतो आणि चढतो.

हवेबद्दल मी गेली तीन वर्षे हट्टाने चुकत होतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे पकड वाढवायची तर हवा कमी करणे हाच मुख्य उपाय उरतो. मी 72 किलोंचा आहे आणि पंक्चरच्या धास्तीने 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरत असे. तिरप्या उतारावर माझे मागचे चाक दर फेरीला खाली सरकत असे आणि मी दोष टायरच्या नक्षीला देत असे. या हंगामात पुढे 23 आणि मागे 25 वर आलो, आणि त्याच उतारावरून ब्रेकला बोट न लावता, न सरकता जाऊ लागलो. जुने स्वार सांगतात की फेरीत एखाद्या मुळावर रिम खट् करून एकदा वाजली तर हवा बरोबर आहे; वाजलीच नाही तर जास्त आहे, सारखी वाजत असेल तर कमी. मात्र ट्युबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये हवा फार खाली गेली, तर जोरात वळताना टायरची कड रिमपासून क्षणभर सुटून हवा निघून जाते, आणि मग पिटपर्यंत सायकल खांद्यावर घेऊन धावणे आलेच. हवा घरी मोजून निघणेही धोक्याचे असते. उबदार खोलीत भरलेले 24 पीएसआय वीस अंशांनी थंड असलेल्या मैदानावर साधारण अडीचने उतरतात, आणि या आकड्यांमध्ये अडीच म्हणजे खूप झाले.

अजिंक्यपदाचा मार्ग आम्हाला आदल्या दिवशी पाहायला मिळेल. हौशी गटांच्या शर्यती सकाळी असतात, त्यामुळे दुपारी पाहिलेली मऊ जमीन सकाळी गोठून कडक झालेली असू शकते, आणि आदल्या दिवशीच्या चाकोऱ्या आगगाडीच्या रुळांसारख्या चाकाला आपल्या दिशेने ओढतात. म्हणून चाकांच्या दोन जोड्या नेणार आहे. गुणांनुसार मला तिसऱ्या ओळीत उभे राहावे लागेल. पहिल्या वळणापर्यंत सगळे एकमेकांना खेटून जाणार असल्याने रोज एक पाय जमिनीवर ठेवून वीस सेकंदांच्या सुरुवातीचा सराव चालू आहे. दुसरा पाय पहिल्याच झटक्यात पेडलमध्ये अडकला तर ठीक, नाहीतर चार जण पुढे गेलेच समजा. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणेन, पण ह्या सुरुवाती सोडणार नाही.

काल संध्याकाळी अंधार पडेपर्यंत गवतावर वीस वेळा चढलो. मुलगी बाजूला उभी राहून मोजत होती. अठरा वेळा ती काही बोलली नाही, आणि दोनदा म्हणाली, "मारलीस."